टायकोची बाजू

सूर्यमालेची गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. पहिला प्रकार पाठ्यपुस्तकी. पूर्वी लोकांना वाटायचं की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. मग कोपर्निकस आला, गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण रोखली, चर्चने छळ केला आणि अखेर सत्याचा विजय झाला. दुसरा प्रकार फोनवर येतो, बहुधा 'सुप्रभात'च्या पाठोपाठ. त्यात हे सगळं आर्यभटाने कोपर्निकसच्या हजार वर्षं आधीच सांगून ठेवलेलं असतं. पहिली गोष्ट सांगणारे दुसरीला हसतात. दुसरी सांगणारे पहिलीला गुलामी वृत्ती म्हणतात. भांडण जोरात चालतं, पण हे त्या लोकांना कळलं कशावरून, हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडत नाही.

एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला विचारून पाहा, पृथ्वी सूर्याभोवती फिरते याला पुरावा काय? इंजिनिअर चालेल, डॉक्टर चालेल. बहुतेक जण आधी 'दिवस-रात्र' म्हणतील. पण ते पृथ्वी स्वतःभोवती फिरण्याबद्दल झालं. मग 'ऋतू' म्हणतील. ऋतू तर सूर्य तिरक्या वाटेने पृथ्वीभोवती फिरतो असं धरूनही अगदी व्यवस्थित समजावता येतात, दोन हजार वर्षं तसेच समजावले जात होते. शेवटी 'उपग्रहांचे फोटो' येतात. म्हणजे अवकाशयुगाच्या आधी हे मान्य करणारे सगळे नुसत्या विश्वासावर चालले होते की काय? खरं उत्तर असं, की आपण स्वतःच हे विश्वासावर मान्य केलेलं आहे. पुस्तकात होतं, परीक्षेत आलं, गुण मिळाले.

म्हणून माझं म्हणणं जरा उलट्या बाजूने सुरू होतं. शाळेत कोपर्निकस शिकवायचा असेल तर त्याला न मानणारा टायको ब्राहे आधी शिकवा, आणि टिंगलीसाठी शिकवू नका. त्याचं म्हणणं काय होतं आणि ते खोडायला माणसाला अडीचशे वर्षं का लागली, हे कळलं तरच सूर्यकेंद्री सिद्धांत कळला असं म्हणता येईल.

टायको हा डेन्मार्कचा सरदार. राजाने त्याला ह्वेन नावाचं बेट दिलं आणि १५७६ पासून तिथे त्याने वेधशाळा उभारली. दुर्बीण अजून यायची होती. भिंतीएवढी धातूची यंत्रं आणि नुसते डोळे यांवर तो ताऱ्यांची जागा एखाद-दोन कलांपर्यंत अचूक मोजायचा. साठ कलांचा एक अंश, आणि पौर्णिमेचा चंद्र साधारण तीस कला रुंद. यावरून त्याच्या हाताच्या अचूकपणाचा अंदाज करा. त्याच्या आधी एवढं अचूक आकाश कोणी मोजलं नव्हतं. असा माणूस कोपर्निकसचा ग्रंथ वाचतो, त्यातल्या गणिताचं कौतुक करतो आणि तरीही पृथ्वी स्थिर आहे असं ठरवतो. त्याला बायबलचा आधार वाटत होता हे खरं, पण त्याचे मुख्य आक्षेप मोजमापाचे होते.

डोळ्यांसमोर बोट धरून आधी एक आणि मग दुसरा डोळा मिटला, की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जानेवारीत आपण कक्षेच्या एका टोकाला असतो आणि जुलैमध्ये दुसऱ्या. मग जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत थोडा सरकलेला दिसायला हवा. याला पराशय म्हणतात. टायकोने तो शोधला. सापडला नाही. कोपर्निकसचं उत्तर तयार होतं: तारे फारच दूर आहेत, म्हणून सरकणं दिसत नाही. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोस बेटावरच्या अ‍ॅरिस्टार्कसने सूर्य मध्यभागी ठेवला, तेव्हा त्यानेही तारे असेच अफाट दूर मानले होते. ही हकिकत आपल्याला आर्किमिडीजमुळे कळते.

टायको इथे थांबला नाही. नुसत्या डोळ्यांना तारा बिंदूसारखा दिसत नाही, त्याला थोडी रुंदी भासते. मध्यम तेजाच्या ताऱ्याला ती एक कलाभर भरते असं त्याचं माप होतं. एवढ्या रुंदीचा तारा कोपर्निकस म्हणतो तितका दूर असेल, तर तो प्रत्यक्षात केवढा असला पाहिजे? हिशेब केला तर एकेक सामान्य तारा पृथ्वीच्या संपूर्ण वार्षिक कक्षेएवढा निघतो. सूर्य त्यापुढे कणभर. हे टायकोला हास्यास्पद वाटलं, आणि त्याच्याजवळ जी मापं होती त्यावरून ते हास्यास्पदच होतं. यावर काही कोपर्निकसवाद्यांनी असंही उत्तर दिलं की देवाच्या सामर्थ्याला इतका मोठा तारा निर्माण करणं काय अवघड आहे! पाठ्यपुस्तकात जी बाजू 'धर्म' म्हणून असते ती इथे आकडे मांडत होती आणि 'विज्ञान' म्हणून असलेली बाजू देवाला साक्षीला बोलावत होती.

ताऱ्यांची ती रुंदी खरी नव्हती. प्रकाश डोळ्यातून किंवा दुर्बिणीतून जाताना पसरतो, त्यामुळे बिंदूची चकती होते. हे गणिताने पक्कं झालं १८३५ च्या सुमारास, टायकोला जाऊन सव्वादोनशे वर्षं झाल्यावर.

मग टायकोने स्वतःचा नकाशा दिला, १५८८ मध्ये. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी सूर्याभोवती फिरतात, आणि त्यांना घेऊन सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. आज वाचताना तडजोड वाटते. पण आकाशात ग्रह कुठे दिसेल एवढाच प्रश्न असेल, तर टायकोचा नकाशा आणि कोपर्निकसचा नकाशा भूमितीने अगदी एक आहेत. उभं कुठे राहून पाहायचं एवढाच फरक. आणि टायकोच्या नकाशात पराशयाची भानगडच नव्हती.

कोपर्निकसच्या पदरात मग होतं तरी काय? अचूकपणा नव्हता. १५४३ च्या त्याच्या ग्रंथावर आधारलेली, ग्रहांच्या जागा सांगणारी कोष्टकं १५५१ मध्ये निघाली. मंगळाच्या बाबतीत तीही जुन्या कोष्टकांसारखीच काही अंशांनी चुकायची. साधेपणाही फारसा नव्हता. वर्तुळावर वर्तुळ हा जुना खेळ त्याने चालूच ठेवला होता, कारण ग्रहाची गती वर्तुळाकार आणि एकसारखीच असली पाहिजे हा ग्रीक हट्ट त्याचाही होता. त्याच्या काही रचना दमास्कसच्या इब्न अल-शातिरने चौदाव्या शतकात केलेल्या रचनांशी तंतोतंत जुळतात, हेही आता माहीत आहे. त्याच्याजवळ होती ती जुळणी. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीच्या, पृथ्वी मध्ये ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीत प्रत्येक ग्रहाचा संसार वेगळा. कोण जवळ, कोण दूर, हे आकाशातून ठरत नव्हतं. सूर्य मध्ये ठेवताच अंतरं आपोआप ठरली: पृथ्वीच्या अंतराच्या मंगळ सुमारे दीडपट, गुरू सव्वापाचपट, शनी सव्वानऊपट. जो लांब तो संथ. मंगळ वक्री का होतो, आणि नेमका सूर्यासमोर असतानाच का, याचं कारण सहज मिळालं: आतल्या वाटेवरून पृथ्वी त्याला मागे टाकते. बुध-शुक्र सूर्याला सोडून लांब का जात नाहीत हेही. एवढ्यावर पृथ्वीला गरगर फिरवायचं का? पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला धावते असं मानायचं, आणि जाणवत मात्र काहीच नाही! शहाण्या माणसाने तेव्हा थांबायचंच ठरवलं असेल, तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. आणि कोपर्निकसचा छळ वगैरे काही झाला नाही. तो स्वतः चर्चचा पदाधिकारी होता, ग्रंथ त्याने पोपला अर्पण केला, आणि ग्रंथ छापून आला त्याच वर्षी तो वारला. बंदी आली १६१६ मध्ये, 'दुरुस्ती होईपर्यंत' अशा शब्दांत.

कोंडी फोडली केप्लरने, आणि त्याला श्रेय शाळेत गॅलिलिओच्या मानाने अगदीच थोडं मिळतं. १६०० मध्ये तो प्रागला टायकोकडे कामाला आला. पुढच्या वर्षी टायको गेला आणि मंगळाच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या. वर्तुळांच्या सगळ्या युक्त्या करून त्याने मंगळ जवळजवळ जुळवला. फरक उरला आठ कलांचा, चंद्रबिंबाच्या पाव भागाएवढा. कोपर्निकसने एवढ्यावर समाधान मानलं असतं. पण नोंदी टायकोच्या होत्या, आणि टायको आठ कलांनी चुकत नसे. केप्लरने वर्तुळ सोडलं आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं, सूर्य त्याच्या एका नाभीवर. म्हणजे सूर्यकेंद्री सिद्धांताला खरी ताकद मिळाली ती तो न मानणाऱ्या माणसाच्या प्रामाणिक मोजणीमुळे. १६३१ मध्ये बुध सूर्यबिंबावरून जाताना पॅरिसला गासांदी या खगोलज्ञाने पाहिला, तेव्हा केप्लरच्या कोष्टकांची चूक चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा कमी होती. कोपर्निकसच्या गणितावरची जुनी कोष्टकं कित्येक पटींनी जास्त चुकली. केप्लर आदल्याच वर्षी वारला होता.

आता गॅलिलिओ. १६१० मध्ये त्याने गुरूचे चार चंद्र पाहिले, त्याच वर्षाच्या शेवटी शुक्राच्या कला. शुक्र कोरीपासून पूर्ण बिंबापर्यंत सगळ्या कला दाखवतो, म्हणजे तो सूर्याभोवती फिरतो. टॉलेमी संपला. टायको मात्र संपला नाही, कारण त्याच्या नकाशातही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो. म्हणूनच त्या काळचे कितीतरी जेझुइट (कॅथलिक चर्चच्या एका धर्मसंघातले) खगोलज्ञ दुर्बिणीतून पाहून, सगळं मान्य करून, टायकोकडे सरकले. कार्डिनल बेलार्मिनने १६१५ मध्ये लिहिलं होतं की खरा पुरावा असेल तर धर्मग्रंथांचा अर्थ फार जपून पुन्हा लावावा लागेल, पण असा पुरावा आहे असं कोणी दाखवेपर्यंत मी मानणार नाही. गॅलिलिओने पुरावा म्हणून भरती-ओहोटी पुढे केली: पृथ्वीच्या दोन गतींमुळे समुद्र हिंदकळतो. या हिशेबाने दिवसात एकच भरती यायला हवी, आणि चंद्राचा संबंध त्याने मोडीत काढला. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग ठाऊक असलेल्या कोकणातल्या कोणत्याही कोळ्याने त्याला अडवलं असतं. केप्लरच्या लंबवर्तुळांकडेही त्याने लक्ष दिलं नाही.

हे लिहिलं की लगेच शंका येते: मग चर्च बरोबर होतं का? अजिबात नाही. १६३३ मध्ये सत्तरीच्या घरातल्या माणसाला गुडघ्यांवर बसवून आपलं मत नाकारायला लावणं आणि मरेपर्यंत, १६४२ पर्यंत, नजरकैदेत ठेवणं हा गुन्हा होता. पण गॅलिलिओ बरोबर होता म्हणून हा गुन्हा होता, असं जे आपण शिकवतो ते घातक आहे. तो शंभर टक्के चुकला असता तरी तो गुन्हाच होता. ज्याचं म्हणणं पुढे खरं ठरेल त्यालाच बोलू द्यायचं, अशी अट घातली तर बोलायला कोणी उरणार नाही. खरं काय ते त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं. आणि दुसरा धोका उलट दिशेचा: 'मलाही गॅलिलिओसारखे लोक हसतात' असं म्हणत आज कोणताही भोंदू उभा राहतो, कारण विरोध झाला म्हणजे तो बरोबर, हा धडा आपणच मुलांना दिलेला असतो.

टायकोची बाजू पुढेही बरीच वर्षं टिकून होती. १६५१ मध्ये रिच्चोली या जेझुइटाने पृथ्वीच्या गतीबद्दलचे १२६ युक्तिवाद एकत्र केले, ४९ बाजूने आणि ७७ विरुद्ध. त्यातला एक असा: पृथ्वी फिरत असेल तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा निशाण्यापासून बाजूला जायला हवा, आणि तसा जाताना दिसत नाही. तो जातो, फक्त त्या काळच्या तोफांना एवढं बारीक कळत नव्हतं. न्यूटनने १६८७ मध्ये ग्रह का फिरतात याचं कारण दिलं, गुरुत्वाकर्षण, आणि जड सूर्य हलक्या पृथ्वीभोवती फिरवणं अशक्य होऊन बसलं. तरी डोळ्यांनी दिसलेला पुरावा अजून नव्हता. इंग्रज खगोलज्ञ ब्रॅडली पराशयच शोधत होता. १७२८ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की सगळे तारे वर्षभरात सुमारे वीस विकलांनी (साठ विकलांची एक कला) हलतात, पण अपेक्षित दिशेने नाही. प्रकाशाचा वेग आणि पृथ्वीचा वेग यांनी मिळून होणारा तो भास निघाला. पृथ्वी चालते याची पहिली थेट खूण ती. खुद्द पराशय बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा मोजला: एका विकलेचा जेमतेम तिसरा हिस्सा. टायकोच्या यंत्रांच्या मर्यादेपेक्षा सुमारे दोनशे पट बारीक. त्याला तो सापडला नाही यात त्याचा काय दोष?

आता आपल्याकडे. आर्यभटाने ४९९ मध्ये काय म्हटलं ते संदिग्ध नाही: 'अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत्'. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. एका महायुगात पृथ्वी किती वेळा फिरते तो आकडाही त्याने दिला, १,५८,२२,३७,५००. हे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल आहे, आणि ते थोर आहे. ग्रह मात्र त्याने पृथ्वीभोवतीच फिरवले. त्याच्या डोक्यावर सूर्यकेंद्राचा मुकुट ठेवला की त्याने खरोखर केलेलं काम झाकलं जातं.

त्याहून मोलाची आहे पुढची गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. त्याला विरोध झाला, आणि तो आपल्याच थोर गणितज्ञांनी केला. वराहमिहिर म्हणाला, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले ससाणे घरट्यात परत कसे येतील? ब्रह्मगुप्तानेही ६२८ मध्ये हे मत खोडून काढलं. टॉलेमीने उडणाऱ्या वस्तूंबद्दल साधारण हेच विचारलं होतं. म्हणजे अलेक्झांड्रियात आणि उज्जैनीत हुशार माणसं एकाच ठिकाणी अडली होती, कारण गती सामायिक असते, पृथ्वीबरोबर हवा आणि पक्षीही फिरत असतात, ही कल्पना अजून कुणाच्या हाती नव्हती. पुढच्या टीकाकारांनी तर आर्यभटाच्या श्लोकाचा अर्थच फिरवला, पृथ्वी फिरताना फक्त 'भासते' वगैरे. आणि मग केरळात नीलकंठ सोमयाजी. १५०० च्या आसपास 'तंत्रसंग्रह' लिहिणाऱ्या या माणसाने पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती अशी मांडणी केली. टायकोच्या आधी, स्वतंत्रपणे, ग्रहांच्या गणितातली एक विसंगती दूर करता करता. आपल्या अभिमानाला खरी जागा हवी असेल तर ती इथे आहे. पण नीलकंठ 'चुकीचा' ठरतो म्हणून त्याचं नाव कोणी फॉरवर्ड करत नाही.

मराठीतही याचा एक दाखला आहे. १८३६ मध्ये, भोपाळजवळच्या सीहोर इथे, सुबाजी बापू या ज्योतिष्याने 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिलं. पुराणांचं विश्व, सिद्धांतांचं (म्हणजे आपल्या जुन्या खगोलग्रंथांचं) विश्व आणि कोपर्निकसचं विश्व यांची त्यात तुलना आहे. तिथला इंग्रज अधिकारी विल्किन्सन त्याच्या पाठीशी होता, आणि त्याचे हेतू काही निव्वळ खगोलशास्त्राचे नव्हते. पण रीत पाहण्यासारखी आहे. भास्कराचार्याने ११५० मध्येच पुराणातल्या आधारांची खिल्ली उडवली होती: पृथ्वीला आधार हवा तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, मग तिसरा, शेवटी कुठेतरी स्वतःचीच शक्ती मानायची तर ती पृथ्वीतच का मानू नये? हा वाद आपल्याच घरात सातशे वर्षं चालू होता. कोपर्निकस त्या वादाची पुढची पायरी म्हणून आणता येत होता. आदल्याच वर्षी, १८३५ मध्ये, रोमच्या बंदी यादीतून कोपर्निकस आणि गॅलिलिओ वगळले गेले होते. बेसेलचा पराशय यायला अजून दोन वर्षं होती.

पुढे केरोपंत छत्र्यांनी १८६० च्या दशकात नव्या कोष्टकांवरून पंचांग काढलं, तेव्हा महाराष्ट्रात जो वाद झाला तोही मूळ याच मुद्द्याचा: गणेश दैवज्ञाच्या १५२० च्या 'ग्रहलाघवा'वरून येणारा ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह जुळत नसतील तर दुरुस्त कोणाला करायचं? आज दृक्-पंचांगातला, म्हणजे आकाशाशी जुळवलेल्या पंचांगातला, ग्रह पृथ्वीवरून पाहिलेला छापतात, पण त्याचं गणित केप्लर-न्यूटनच्या वंशातलं असतं. मंगळाची शांत करणाऱ्यालाही मंगळ कुठे आहे ते सूर्य मध्ये ठेवूनच सांगितलं जातं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पासून भारतीय ज्ञानपरंपरा अभ्यासक्रमात आणायची चर्चा आहे. आणावी. पण आर्यभटाबरोबर ब्रह्मगुप्ताचा आक्षेप आणा, नीलकंठाशेजारी टायको ठेवा. नावांची आणि सनावळींची यादी आणली तर घोकण्यात भर पडेल, एवढंच. वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी: ग्रहांच्या चंद्रांचे आकडे पाठ करायला लावणं बंद केलं तरी दोन तासिका सहज मिळतील. ते आकडे दर काही वर्षांनी बदलतातच.

त्या दोन तासिकांत काय करता येईल? शुक्र संध्याकाळी पश्चिमेला असतो त्या महिन्यांत, तो सूर्याच्या जवळ येऊ लागल्यावर, तिपाईवर घट्ट बसवलेल्या साध्या दुर्बिणीतूनही त्याची कोर दिसते. शाळेच्या गच्चीवरून महिनाभर तिची चित्रं काढता येतात. बिंब मोठं होत जातं आणि कोर बारीक. मग परीक्षेत एकच प्रश्न घालावा: यावरून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध झालं का? उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे जी मुलगी चार ओळींत लिहील तिला पूर्ण गुण. आणि जी 'हो' लिहून गॅलिलिओच्या छळावर पानभर लिहील, तिला पेपर परत देऊन पुन्हा गच्चीवर पाठवावं.